दहा कारव्या बघितलेला माणूस

पत्र

सप्रेम नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गेल्या कार्तिकात गेले. आमचं गाव जावळी तालुक्यातलं. तात्यांचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. १९६७ साली १८ व्या वर्षी ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, १९७१ ला पहिल्या बटालियनबरोबर आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते आणि १९९१ मध्ये नायब सुभेदार म्हणून पेन्शनीत आले. पुढची तीसेक वर्षं शेती, डोंगर आणि आम्ही. रविवारी ते घरात सापडायचे नाहीत. वय विचारलं की म्हणायचे, "दहा कारव्या बघितल्यात मी." कारवी म्हणजे आमच्या डोंगरातलं झुडूप, सात वर्षांनी एकदा फुलणारं.

आता वर्षश्राद्ध आलंय. थोरल्या भावाला मोठा कार्यक्रम करायचाय. चौकात वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्स, त्यावर 'वीर योद्धा', स्टेजवर टेबलावर तिरंगा अंथरून त्यावर फोटो, पाहुणे, स्मरणिका. वासोटा गडावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायचंही त्याच्या मनात आहे. स्मरणिकेतला मुख्य लेख मी लिहायचा असं ठरलंय आणि तीन महिने मी चार ओळींपुढे गेलेले नाही. लढाईबद्दल ते कधी बोललेच नाहीत. त्यांचा राग फार वाईट होता, तो लिहायचा का? पोरवयात ते आजोबांबरोबर ठासणीची बंदूक घेऊन डुकराच्या शिकारीला जायचे, ते लिहायचं का? पेटीत चार मेडलं निघाली, ती कुणी ठेवायची यावरून आम्हा भावंडांत बोलणं कमी झालंय. आई काहीच बोलत नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ते पेन्शनीत आले त्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात मी त्यांच्याबरोबर डोंगरात होते. वाळलेल्या कारवीची बोंडं तडतड फुटायला लागली आणि तात्या एकदम खाली बसले. मलाही खांद्याला धरून खाली ओढलं. थोड्या वेळानं उठले, माझ्या गुडघ्यांचा चिखल पुसला आणि चालायला लागले. हे लिहू का?

तात्यांची लेक

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, लिहा. लेखाची सुरुवात तिथूनच करा.

कारवी सात वर्षांनी फुलते हे आता पुण्या-मुंबईकडच्यांनाही माहीत झालंय, फुलोरा बघायला गाड्या भरभरून माणसं येतात. पण फुलोरा सरला, झाड वाळलं, की बोंडं त्या वाळक्या काड्यांवर तशीच राहतात आणि पुढं पावसाचं पाणी लागलं की फटाफट फुटून बी लांब उडवतात, हे डोंगरात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. तात्यांना तर ते जन्मापासून ठाऊक. आवाज ओळखीचा होता, जागा ओळखीची होती. तरी ते बसले, आणि बसताना आधी तुम्हाला खाली घेतलं. पत्र वाचताना मी या ओळीवर थांबले ते बराच वेळ पुढं गेलेच नाही.

मात्र ते का बसले, हे लिहू नका. तुमच्या मनात जे कारण आहे तेच माझ्याही मनात आलं आणि बहुतेक ते खरंही असेल. पण तात्यांनी ते सांगितलेलं नाही. तीस वर्षं त्यांना सांगता आलं असतं, त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या गप्प राहण्यालाही मान द्यायला हवा. तुम्ही पाहिलंत तेवढंच लिहा: आवाज, खांद्यावरचा हात, गुडघ्यांचा चिखल. वाचणारा जाणता असेल तर त्याला पुरे आहे.

तुमचा लेख चार ओळींवर अडतोय, कारण त्या चार ओळी 'शिस्तप्रिय, निर्भीड, कुटुंबवत्सल' अशा असणार. रागावू नका, मी हे स्वतः केलेलं आहे. माझे वडील शिक्षक होते. त्यांच्या तेराव्याला मी दहा मिनिटं बोलले, सगळी विशेषणं वापरली. जेवणं झाल्यावर त्यांचा एक जुना विद्यार्थी जवळ आला आणि म्हणाला, "सर डब्यात पेरूच्या फोडी आणायचे, ज्यानं डबा आणला नसेल त्याला द्यायचे. ते राहिलं सांगायचं." माझ्या त्या भाषणातलं एक विशेषण मला आज आठवत नाही, पेरूच्या फोडी आठवतात. मला हे ठाऊक नव्हतं याची चुटपुट अजून आहे. म्हणून सांगते, लिहायला बसण्याआधी महिनाभर नुसतं विचारत फिरा.

सुरुवात घरातून. आई बोलत नाहीत म्हणता, पण त्यांना कुणी नीट विचारलंय का? "तात्यांबद्दल काहीतरी सांग" असं म्हटलं की कुणीही गप्प होतं. वही-पेन घेऊन समोर बसू नका. शेंगा फोडायला घ्या, त्यांच्या शेजारी बसा आणि बारकं काहीतरी विचारा. लग्नानंतर ते पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा पेटीतून काय काय निघालं? सुट्टी संपून निघाले की एसटीपर्यंत कोण जायचं? '५६ एपीओ' या फौजी टपालाच्या पत्त्याची पत्रं अजून कुठं आहेत का? त्या काळी गावाकडं फौजीचं पत्र बऱ्याचदा पोस्टमन नाहीतर मास्तर वाचून दाखवायचे, आणि नवरा-बायकोतलं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. तुमच्या घरी कसं होतं? तात्या २४ वर्षं नोकरीत होते, म्हणजे पेरणी, दुखणी-खुपणी, सासू-सासरे, तुमच्या शाळा, हे सगळं त्या बाईनं वर्षातून एकदा-दोनदा दिसणाऱ्या नवऱ्याच्या भरवशावर उभं केलं. तात्यांवरच्या लेखात आईंना निदान चौथा हिस्सा जागा हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ते 'कुटुंबवत्सल' होते असं लिहिण्यापेक्षा ते कुटुंब कुणी राखलं हे लिहा.

जाता जाता, फॅमिली पेन्शनची कागदं पूर्ण झालीत ना? डिस्चार्ज बुकातलं आणि पीपीओवरचं, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचं, आईंचं नाव आणि जन्मतारीख बँक पासबुकाशी, आधारकार्डाशी जुळते का ते एकदा बघा. नसेल तर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कार्यक्रमाच्या गडबडीत हे मागं पडायला नको.

आता लढाई. तात्या बोलले नाहीत म्हणून लेखात तिथं पोकळी राहील अशी तुम्हाला भीती वाटते. पण पलटणीचा इतिहास नोंदलेला आहे आणि तो तुम्ही सरळ मांडू शकता. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला पाकिस्तानच्या ३१ बलुच रेजिमेंटचा तळ होता. आपली पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या पाठीमागं गेली आणि टांगाईलकडं जाणारा रस्ता अडवून बसली. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. समोरच्या कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं, आणि त्या उत्तरासोबत बंदुकीची गोळी होती. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी कोंडी फोडायला मराठ्यांच्याच मोर्च्यांवर धडक दिली. ती परतवली गेली आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती. त्याच ११ तारखेला टांगाईलला पॅराशूटनं उतरलेली दुसरी पॅरा बटालियनही मूळची मराठ्यांचीच. त्या रात्री तुमचे तात्या २२ वर्षांचे होते. हे एवढं लिहा आणि थांबा. त्यांनी किती जणांना लोळवलं वगैरे कुणी सुचवलं तर ते मुळीच घालू नका.

११ डिसेंबरवरून आठवलं. कोयनेचा भूकंप झाला तो १९६७ च्या ११ डिसेंबरला, पहाटे. तात्या त्याच वर्षी भरती झाले. कोणत्या महिन्यात, ते डिस्चार्ज बुकात असेल. भरती होऊन ते तेव्हा बेळगावला रंगरूट असतील, तर सगळं खोरं हादरलं तेव्हा हा १८ वर्षांचा पोरगा घरापासून लांब ट्रेनिंगमध्ये होता. गावात त्या वेळची जाणती माणसं अजून आहेत. घर पडलं होतं का? त्यांना कळवलं कुणी आणि कसं? धरणानं आजोळ बुडवलं, भूकंपानं खोरं हलवलं, आणि तरी हा माणूस पेन्शन घेऊन शहरात गेला नाही, त्याच डोंगराच्या कुशीत येऊन राहिला. मला विचाराल तर तुमच्या लेखाचा कणा हाच आहे.

तात्यांच्या बरोबरीचे गणपत, म्हणजे मराठा पलटणीतले जवान, शोधा, आणि आत्ता शोधा. ७१ च्या लढाईत वीस-बावीस वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. तात्यांच्या फोनमध्ये नंबर असतील, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात नावं असतील. ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला त्या तारखेला, रेजिमेंटचा दिवस साजरा होतो. त्या दिवशी तात्या कुणाला फोन करायचे ते आईंना विचारा. आणि या म्हाताऱ्यांना "लढाईत काय झालं?" असं विचारू नका. लंगरमध्ये काय मिळायचं, थंडीत कुणाचं पांघरूण कोण ओढायचं, तात्यांना पलटणीत काय नावानं हाक मारायचे, हे विचारा. बाकीचं सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज उतरवून ठेवा.

शिकारीचं लिहा. लपवाल तर गावातलं कुणीतरी कार्यक्रमातच सांगेल आणि मग ते चोरी पकडल्यासारखं वाटेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या आधी जावळीच्या खोऱ्यात पिकात डुक्कर शिरलं की गावकऱ्यांनी हाका घालून शिकार करणं ही रोजची गोष्ट होती. कोयना अभयारण्य झालं १९८५ ला. म्हणजे तात्या पेन्शनीत आले तेव्हा त्यांच्या लहानपणीचं रान कायद्यानं राखीव झालेलं होतं. त्यांनी बंदूक कधी खाली ठेवली? त्याबद्दल कधी काही बोलले का? खूर ओळखणं, उकरलेल्या मातीवरून कळप कुठल्या अंगानं गेला हे सांगणं, वाऱ्याची दिशा बघून बसणं, ही नजर शिकारीतच तयार होते, आणि पुढं हीच नजर वापरून त्यांनी तुम्हा पोरांना गवा दाखवला असेल, शेकरू दाखवलं असेल. रानावर माया असलेला माणूस जन्मताच तसा असतो असं नाही, हे त्यांच्या नातवंडांना कळलेलं बरं.

रागाचं जरा जपून. 'तात्या रागीट होते' असं वाक्य लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. एक प्रसंग निवडा आणि तो शेवटपर्यंत सांगा: कशावरून भडकले, काय फेकलं, घर कसं चिडीचूप झालं, आणि नंतर त्यांनी काय केलं. माफी मागितली की न बोलता पाणी भरून आणलं? की काहीच केलं नाही? काहीच केलं नसेल तर तेही लिहा. मात्र त्या प्रसंगात झळ आईंना बसली असेल, तर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा आणि त्या नको म्हणाल्या तर तो कागद बाजूला ठेवा. इथं लेखिकेचा हक्क दुय्यम.

मेडलांचं. एकदा सगळी भावंडं बसा आणि ती हातात घ्या. नुसती बघू नका. कडेवर किंवा मागच्या बाजूला नंबर, हुद्दा आणि नाव बारीक कोरलेलं असतं. 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल, ते पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना दिलं गेलं. संग्राम मेडल असेल. भिंग घेऊन ती अक्षरं पोरांना मोठ्यानं वाचायला लावा. ब्रासो लावून घासू मात्र नका, घासून घासून अक्षरं बुजतात. आणि वाटणी करू नका. चार भावंडं असोत की दोन, ही चार मेडलं एकाच छातीवर होती, ती एकत्रच राहायला हवीत. आई आहेत तोवर त्यांच्या खोलीत. पुढं कुणाकडं, हे आईंनी ठरवावं आणि आत्ताच, सगळ्यांच्या देखत सांगावं. ज्याच्याकडं राहतील त्यानं दर वर्षी तात्यांच्या श्राद्धाच्या दिवशी ती सगळ्यांसमोर काढायची, एवढी एक अट घाला.

आता तुमचे भाऊ. पत्रात तुमचा त्यांच्यावरचा राग ओळींच्या मधून दिसतो. थोडा बाजूला ठेवा. ते थोरले, म्हणजे तात्या नोकरीत असतानाचं त्यांचं बालपण तुमच्यापेक्षा लांबलं. तुमच्या वाट्याला डोंगरातले तात्या आले. त्यांच्या वाट्याला बहुधा वर्दीत येणारे आणि वर्दीत जाणारे तात्या आले. ज्याला जे दिसलं त्याचा तो फ्लेक्स करतोय. फ्लेक्स लागू द्या. फक्त वर्दीतल्या फोटोशेजारी डोंगरातला एक फोटो घाला, आणि 'वीर योद्धा'च्या जागी हुद्दा, नाव, पलटण आणि नोकरीची वर्षं लिहा. 'माजी सैनिक' या दोन शब्दांना कमी समजू नका. तिरंग्याबाबत मात्र ठाम राहा. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज टेबलावर अंथरता येत नाही, आणि आच्छादन म्हणून तो शासकीय किंवा लष्करी अंत्यसंस्कारातच वापरला जातो. हे भावाला सगळ्यांसमोर सांगू नका, एकट्याला गाठून सांगा. नायब सुभेदाराच्या घरी ध्वजाची चूक नको, एवढं म्हटलंत तरी त्यांना पटेल.

वासोट्यावरच्या पाटीला माझा विरोध आहे. तो गड अभयारण्यात आहे, तिथं कुणाला मनानं काही बसवता येत नाही. आणि मनाची खात्री म्हणून विचारते: कड्यावर खडूनं-रंगानं नावं लिहिणाऱ्या पोरांना तात्या काय म्हणायचे? मला वाटतं तुम्ही दोघंही ते शब्द विसरला नसाल.

सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत. या गावातून इतके जण लढाईला गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, एवढंच त्यावर असतं. नावं नसतात. कोण होते ते, कुणाचे पाय चपळ होते, कुणाला करवंदं आवडायची, सगळं गेलं, आकडा राहिला. अशा एका शिळेसमोर उभी राहिले होते तेव्हा वाटलं होतं, यातल्या एकाच्या तरी घरी एखादी लिहिणारी लेक असती तर. तुमच्या तात्यांच्या घरी ती आहे. म्हणून या पत्राला इतकं लांब उत्तर देतेय.

आणि कार्यक्रम दुपारी असेल तर त्याच्या आदल्या दिवशी हे करा. कार्तिकात वासोटा खुला असतो. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्या, ओळखपत्रं बरोबर ठेवा, सकाळची बोट धरा. शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, जाताना तात्यांचं आजोळ साधारण कुठं बुडालं ते गावातल्या जाणत्याकडून आधी विचारून ठेवा आणि तिथं आल्यावर नातवंडांना हात करून दाखवा. मेट इंदवलीच्या बाजूनं चढायला लागलात की सुरुवातीचं रान दाट आहे. तिथं बोलणं बंद ठेवा, तात्या ठेवायचे असतील तसं. वर बाबुकड्याशी बसून पोरांना कारवीचा तो प्रसंग सांगा. लिहिलेला वाचू नका, तोंडी सांगा. त्यांनी "मग आजोबा का बसले?" असं विचारलं तर तुम्हालाही माहीत नाही असं खरं खरं सांगा. भावाला बरोबर घ्या. चढताना बोलणं आपोआप सुरू होतं, दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

बोट संध्याकाळच्या आत परतायला हवी. आईंना चढवणार नाही, पण बोटीतून पलीकडच्या काठापर्यंत त्या येऊ शकतील. एका सुनेला किंवा नातीला त्यांच्यासोबत खाली थांबू द्या, आणि तात्यांची घोंगडी आठवणीनं घ्या. त्या दिवसांत पाण्यावरचं वारं बोचतं.